तुटलेला मज्जातंतू कोण वाढवतं?

काचेने मनगट खोल कापलं, तुटलेला मज्जातंतू सूक्ष्मदर्शकाखाली शिवून झाला, तरी बोटांना स्पर्श लगेच कळत नाही. पुढे दर तपासणीला डॉक्टर मनगटाकडून बोटांकडे हलक्या टिचक्या मारत जातात. एका ठिकाणी टिचकी बसली की बोटांत झिणझिण्या उठतात. महिन्याभराने तीच जागा इंचभर पुढे सरकलेली असते. नवा तंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो, त्याचा हा माग. फ्रेंच डॉक्टर ज्यूल टिनेल यांनी १९१५ साली जखमी सैनिकांना तपासताना ही खूण नोंदवली.

ही वाढ तंतूच्या एकट्याच्या बळावर होत नाही. त्याला मायलिनचं वेष्टण गुंडाळून असतात त्या श्वान पेशी. तंतू तुटला की काही दिवसांतच त्या हे काम सोडतात. मेलेल्या भागातलं मायलिन पचवतात, उरलेला राडा काढायला रक्तातल्या भक्षक पेशींना बोलावतात, वाढीला लागणारी रसायनं सोडतात आणि लांबट होऊन एकापुढे एक रांग धरतात. तंतूचा कोंब त्या रांगेच्या आधाराने पुढे जातो. तो आला की पुन्हा मायलिन गुंडाळायला लागतात! पूर्ण वाढ झालेल्या पेशीने असं काम बदलावं आणि परत मूळ कामावर यावं, याचं मला फार अप्रूप वाटतं. मात्र महिनोन्‌महिने तंतू पोचलाच नाही, तर त्यांची ही ताकद ओसरते. म्हणून मज्जातंतू जोडायला उशीर करू नये.

मज्जारज्जूत हे घडत नाही. तिथलं मायलिन ऑलिगोडेंड्रोसाइट पेशींचं. इजेनंतर त्याचा चुरा दीर्घकाळ पडून राहतो आणि त्यातली प्रथिनं वाढ रोखतात. मग दोष तंतूचा की शेजाऱ्यांचा? १९८१ मध्ये माँट्रियलच्या सॅम्युएल डेव्हिड आणि अल्बर्ट अग्वायो यांनी उंदरांच्या पायातल्या मज्जातंतूचा तुकडा मेंदूच्या तळापासून मज्जारज्जूपर्यंत पूल म्हणून जोडला. एरवी न वाढणारे तंतू श्वान पेशींच्या त्या वाटेवर सुमारे ३० मिलिमीटर वाढले. पूल संपून पुन्हा मज्जारज्जूत शिरताच मात्र ते जवळपास तिथेच थांबले.

ॲस्ट्रोसाइट पेशी जखमेभोवती जो व्रण तयार करतात, त्यालाही वर्षानुवर्षं अडथळाच मानलं गेलं. तो निवाडा मला घाईचा वाटतो. व्रणामुळे जखमेतला दाह आजूबाजूच्या निरोगी भागात पसरत नाही. शिवाय २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मायकेल सोफ्रोन्यू यांच्या गटाने उंदरांत व्रण होऊच दिला नाही, तरी तंतू वाढले नाहीत. उलट व्रण असताना वाढीची रसायनं पुरवली, तेव्हा ते त्यातून पलीकडे गेले.

मायामीत रुग्णाच्याच पायातल्या श्वान पेशी वाढवून त्याच्या मज्जारज्जूत सोडण्याची छोटी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. पेशी सोडणं सुरक्षित आहे का, एवढाच तिचा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर होकारार्थी मिळालं. याच्या जोरावर कुणी कंबरेखाली लुळ्या पडलेल्या माणसाला चालवण्याची हमी देत असेल, तर घरच्यांनी पैसे मोजण्याआधी एवढं नक्की लक्षात घ्यावं.