हौस वेगाची, काळजी गंजाची

घरगुती छोट्या मोटारीला दमदार इंजिन बसवले तर? जर्मनीच्या फोक्सवॅगनने १९७६ मध्ये तेच केले. केवळ ५,००० गाड्यांची योजना होती. पण गोल्फ जीटीआयच्या पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून अधिक गाड्या खपल्या. वजनाने हलकी, ११० अश्वशक्तीची ही गाडी पाय दाबताच उसळी घेते आणि मागचे दार उघडले की आठवड्याचा बाजारही मावतो.

आज मात्र तिला सांभाळणे सोपे नाही. पत्रा गंजतो, सुटे भाग शोधत फिरावे लागते. ब्रेक आजच्या गाड्यांइतके तत्पर नाहीत, एअरबॅगही नाही. म्हणून रंगाच्या चकाकीला भुलू नये. आधी वाकून खालचा पत्रा तपासावा. रोजच्या धावपळीला दुसरी गाडी असेल, तरच ही हौस परवडते.