स्क्रिप्ट येतेय ना?

कॉलेजच्या नाटकाच्या ग्रुपवर हा मेसेज पडला की लिहिणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. तालमीला वर्ग मिळालाय, म्युझिकला कोण बसणार ते ठरलंय, दहा-बारा जण क्लास बुडवून थांबलेत आणि तुमच्या फाइलमध्ये 'पडदा उघडतो' एवढंच! यूथ फेस्टिव्हल असो की आयएनटी, एन्ट्रीची तारीख कुणासाठी थांबत नाही. त्यात थर्ड इयरला असाल तर हा शेवटचाच चान्स. आणि तुम्ही 'मूडच लागत नाहीये यार' म्हणत पामबीचला चकरा मारताय.

याला म्हणतात रायटर्स ब्लॉक. एडमंड बर्गलर या मनोविश्लेषकाने १९४७ मध्ये हे नाव दिलं. तेव्हापासून न लिहिण्याला एक भारदस्त कारण मिळालं, असं आपलं माझं मत.

आता बेणारेबाईंकडे या. 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधलं त्यांचं शेवटचं स्वगत माहीत नाही असा नाटकवेडा कॉलेजात सापडणार नाही. कोर्ट त्यांना बोलायला दहा सेकंद देतं आणि त्या दहा सेकंदांत अख्खं आयुष्य बाहेर येतं. हे स्वगत विजय तेंडुलकरांनी आधी लिहिलेलंच नव्हतं! १९६७ मध्ये 'रंगायन' हे नाटक बसवत होती. दिग्दर्शक अरविंद देशपांडे, बेणारे सुलभा देशपांडे. बेणारेने शेवटी बोललंच पाहिजे, असा आग्रह या दोघांनी धरला, तेंडुलकर तयार होईनात, आणि अगदी शेवटी ते कागदावर उतरलं. मुळात नाटक सुचलं तेही टेबलाशी बसून नाही. विलेपार्ल्याला अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला निघालेला हौशी नटांचा एक गट त्यांना भेटला. त्यांच्या गप्पा कानावर पडल्या आणि चक्र सुरू झालं.

म्हणजे तेंडुलकरांनासुद्धा दुसऱ्यांचं बोलणं लागलं आणि मागे लागणारी माणसं लागली. आपण मात्र दार लावून, हेडफोन घालून, एकट्याने झुंजतो.

वाशीच्या ज्या नाट्यगृहात आपण प्रयोग बघतो, त्यावर नाव आहे विष्णुदास भावे यांचं. त्यांनी १८४३ मध्ये सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं, तेव्हा पात्रांच्या तोंडी लिहून दिलेले संवाद नव्हते. पदं भाव्यांची, ती सूत्रधार म्हणायचा. मधलं बोलणं नट आयत्या वेळी रचायचे. मराठी नाटक सुरू झालं ते पूर्ण स्क्रिप्टशिवाय!

तुमच्या तालमीतही हे जमेल. दोन नटांना फक्त परिस्थिती द्या. समजा, खारघरच्या फ्लॅटवर राहणारे दोघे रूममेट, एकाने भाडं थकवलंय आणि दुसऱ्याला ते आजच कळलंय. फोनवर रेकॉर्डिंग लावा आणि वीस मिनिटं गप्प बसा. त्यातलं बरंचसं टाकाऊ निघेल. पण भांडताना कुणीतरी एक वाक्य असं बोलून जाईल, जे तुम्हाला आठवडाभर सुचलं नसतं. ते घरी नेऊन लिहा. चॅटजीपीटीही संवाद देईल, तेही गुळगुळीत. पण तो तुमच्या नटासारखा अडखळणार नाही, आणि नाटकाला ते अडखळणं हवं असतं.

'पण जबरदस्तीने लिहिलेलं चांगलं कसं होईल?' रॉबर्ट बॉइस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने हे तपासलं होतं. त्याचा प्रयोग १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. लिखाण अडलेले २७ प्राध्यापक, त्यांचे गट. काहींना लिहायलाच मनाई, काहींनी मूड येईल तेव्हा लिहायचं आणि काहींनी रोज लिहायचंच, नाहीतर नावडत्या संस्थेला पैसे पाठवायचे! सर्वांत जास्त पानं सक्तीवाल्यांची झाली, हे अपेक्षितच. गंमत म्हणजे नव्या कल्पनाही त्यांनाच सर्वांत जास्त सुचल्या.

दंडाची आयडिया ग्रुपमध्ये आजच टाका. पान नाही आलं तर सगळ्यांना वडापाव.

आणि रोज 'येतेय ना?' विचारणाऱ्यांनो, तुमच्यासाठीही काम आहे. लेखकाला नुसतं टोचू नका. 'माझं पात्र इथे गप्प का आहे?' असं काहीतरी विचारा. सुलभाताईंनी हेच तर केलं होतं.