केसतोड उकरू नका, शेका



हनुवटीखाली, मानेवर, काखेत किंवा जांघेत लाल पुळी उठते, ठसठसते, आत काळा केस दिसतो. आपण तिला केसतोड म्हणतो आणि सुई नाहीतर साडीची पिन घेऊन उकरायला बसतो. तिथेच साधा त्रास वाढतो. पिनेवरचे जंतू आत जातात, पू होतो आणि काळा डाग किंवा गाठ राहून जाते.

हे का होते?

ब्लेडने कापलेल्या केसाला तिरके, अणकुचीदार टोक येते. केस कुरळा असेल तर वाढताना वळतो आणि पुन्हा कातडीत घुसतो. कातडी ताणून, अगदी तासून दाढी केली तर कापलेला केस आत ओढला जातो आणि आतच वाढतो. शरीर त्याला काट्यासारखे परके समजते, म्हणून सूज येते. यात रक्त खराब झालेले नसते की कोणाची नजर लागलेली नसते. आपल्या खानदेशात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. घाम आणि घट्ट कपडे यांनी त्रास आणखी वाढतो.

घरी काय करावे?

• त्या जागेची दाढी किंवा वॅक्सिंग ३ ते ४ आठवडे पूर्ण बंद ठेवा. बहुतेक केस आपोआप बाहेर येतात.
• स्वच्छ फडके कोमट पाण्यात पिळून १०-१५ मिनिटे शेका. दिवसातून ३ वेळा.
• केसाचा वळसा वर दिसत असेल तरच उकळून घेतलेल्या चिमट्याने टोक अलगद मोकळे करा. उपटू नका, नाहीतर नवा केस पुन्हा आतच वाढेल.
• चुना, टूथपेस्ट लावू नका, कातडी भाजते. दुकानातून कोणतेही गोरेपणाचे किंवा खाजेचे मलम आणू नका. त्यांत बऱ्याचदा स्टेरॉइड असते.
• नाक आणि वरच्या ओठाजवळची पुळी कधीच दाबू नका.

पुन्हा होऊ नये म्हणून

दाढीआधी कोमट पाण्याने केस मऊ करा. केसांच्या दिशेनेच पाते फिरवा, उलटे नको. एकाच जागी वारंवार ओढू नका. सतत त्रास होत असेल तर ट्रिमर वापरा आणि थोडे खुंट राहू द्या. बहिणींनो, बाळंतपणाआधी घरी ब्लेडने केस काढू नका, त्याची गरज नसते. ऑपरेशनपूर्वीही ब्लेड वापरू नये, काढायचेच तर क्लिपरने काढावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये सांगितले आहे.

पाते प्रत्येकाचे वेगळे

बाप-लेकांनी एकच रेझर वापरू नये. सलूनमध्ये नवे पाते आपल्यासमोर पाकिटातून काढायला सांगा. यात लाज कसली? कावीळ ‘ब’चा विषाणू शरीराबाहेर ७ दिवस जिवंत राहू शकतो, आणि तुरटी फिरवून पाते निर्जंतुक होत नाही. श्रामणेर शिबिरात अनेकांचे मुंडण एकाच बैठकीत होते. आयोजकांनी माणशी एक नवे पाते आधीच आणून ठेवावे. शंका असल्यास कावीळ ‘ब’, ‘क’ आणि एचआयव्हीची तपासणी सरकारी रुग्णालयात मोफत होते.

चालक बांधवांसाठी

माकडहाडाजवळ, नितंबांच्या खाचेत केस घुसून गाठ होते आणि पू वाहतो. दुसऱ्या महायुद्धात जीपमधून फिरणाऱ्या हजारो अमेरिकन सैनिकांना हे झाले, म्हणून त्याला ‘जीपचा आजार’ असे नाव पडले. तासन्‌तास बसणाऱ्या रिक्षा-ट्रकचालकांनाही तो होतो. मूळव्याध किंवा भगंदर समजून जडीबुटीवाल्याकडे वर्ष घालवू नका. सर्जनला दाखवा.

दवाखान्यात केव्हा जावे?

ताप आला, लाली पसरू लागली, गाठ मोठी झाली किंवा पुळ्या पुन्हा पुन्हा येऊ लागल्या तर थांबू नका. मधुमेह असेल तर पहिल्याच पुळीला दाखवा. वारंवार केसतोड होणाऱ्याने रक्तातील साखरही तपासावी. जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या आणि धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. रोजंदारी बुडेल म्हणून टाळाटाळ केली तर पुढे गळू कापून घ्यावे लागते आणि आठवडाभराची मजुरी जाते.