जुनी व्हॅन गेली, आता गाडी कोणती?

मालेगाव असो, भिवंडी असो की इचलकरंजी, मारुती व्हॅनमधून कधी गेला नाही असा कापडाचा व्यापारी शोधूनच काढावा लागेल. 1984 मध्ये ती बाजारात आली, 1988 पासून ओम्नी झाली आणि 2019 मध्ये तिचे उत्पादन थांबले. 796 सीसीचे छोटे इंजिन, सरकते दरवाजे, मागचे सीट काढले की सपाट जागा. सकाळी नमुने, संध्याकाळी घरची मंडळी आणि लग्नसराईत दोन्ही एकदमच. कारखान्याच्या गल्लीत ती आरामात वळे आणि कोणत्याही गावचा मेकॅनिक तिला हात लावायला घाबरत नसे. आम्ही 2009 मध्ये घेतलेली व्हॅन सोळा वर्षे वापरली. घरात तिला गाडी कोणी म्हणतच नसे, ‘व्हॅन’ म्हणत, जणू घरातलेच एक माणूस.

2025 च्या पावसाळ्यात मुंबई-आग्रा महामार्गावर, चांदवडजवळच्या राहुड घाटात मागून आलेल्या कंटेनरने तिला धडक दिली आणि ती पुढच्या ट्रकवर जाऊन आदळली. पुतण्या चालवत होता. दोन्ही पाय मोडले. अल्लाहच्या कृपेने जीव वाचला. तीन महिने तो दुकानात येऊ शकला नाही.

बाजारात ज्याने त्याने एकच सल्ला दिला, “चाचा, तशीच दुसरी व्हॅन पाहून घ्या, स्वस्तात मिळेल.” सल्ला प्रेमाचा होता, पण आम्हाला पटला नाही. ओम्नीत इंजिन पुढच्या सीटखाली असते. चालकाचे पाय आणि समोरचा पत्रा यांत जेमतेम वीतभर अंतर राहते, म्हणजे समोरचा धक्का झेलायला गाडीला नाकच नाही. ऑक्टोबर 2019 पासून विकल्या जाणाऱ्या सर्व मोटारींना समोरून आणि बाजूने धडकेच्या चाचणीत उतरणे बंधनकारक झाले. ओम्नी त्याच वर्षी बंद पडली, हा योगायोग नव्हे. पुतण्याचे एक्स-रे पाहिल्यावर आम्हाला आणखी कोणाला विचारावेसे वाटले नाही.

आता पैशाचे. गाडीची विम्यातील किंमत, जिला आयडीव्ही म्हणतात, ती ठरलेल्या घसाऱ्याने उतरत पाचव्या वर्षी निम्म्यावर येते. त्यापुढे कंपनी आणि मालक ती आपसांत ठरवतात. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर गेला की गाडी ‘टोटल लॉस’. जुन्या गाडीला एवढा खर्च यायला फार वेळ लागत नाही. आमच्याकडे सर्वेअर गॅरेजमध्ये अर्धा तासही थांबला नाही. जुन्या गाडीला आपले बहुतेक बांधव फक्त थर्ड पार्टी विमा घेतात. अशा वेळी आपल्या गाडीच्या नुकसानीचे आपल्या कंपनीकडून काहीही मिळत नाही. समोरच्याची चूक असेल तर मोटार अपघात दावा प्राधिकरणात जावे लागते, आणि 2022 पासून त्याला सहा महिन्यांची मुदत आहे. पोलिसांचा पंचनामा तेव्हाच मागून घ्यावा.

कापडवाल्यांनी एक कलम नीट वाचावे. खासगी मोटारीच्या पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ असा भाग असतो. त्यात मालवाहतूक बसत नाही. सूट आहे ती फक्त नमुन्यांना आणि वैयक्तिक सामानाला. आमच्या व्हॅनमध्ये त्या दिवशी नमुन्यांची पुस्तके होती, म्हणून क्लेम अडला नाही. मागे तागे रचलेले असते तर कंपनीला बोट दाखवायला जागा मिळाली असती. शिवाय खुद्द मालाचे नुकसान मोटारीच्या पॉलिसीत येतच नाही, त्याला ट्रान्झिट विमा वेगळा लागतो.

मोडकी गाडी भंगारवाल्याला आरसीसकट देऊन मोकळे होणारे पुष्कळ आहेत. हा प्रकार धोक्याचा आहे. चोरीच्या गाडीवर तुमचा चेसिस नंबर चढू शकतो, आणि आरसीवर ज्याचे नाव त्याच्यावर जबाबदारी, असे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले आहे. कायद्याप्रमाणे निकामी झालेल्या गाडीची खबर चौदा दिवसांत आरटीओला द्यायची असते. आम्ही व्हॅन नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात दिली. तेथे मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नव्या गाडीच्या करात सवलत मिळू शकते. मागचे सीट मात्र आधीच काढून घेतले होते. दुकानात ग्राहक त्यावर बसतात.

नवी गाडी ठरवताना आमच्या मुनीमने एक गोष्ट चांगली सांगितली. माणसांच्या मोटारीवर भरलेला जीएसटी सर्वसाधारण व्यापाऱ्याला परत मिळत नाही. मालाच्या गाडीवर इनपुट क्रेडिट मिळते (कंपोझिशनवाल्यांना तेही नाही). तेव्हा एकाच गाडीने दोन्ही कामे करण्याचा जमाना हिशेबानेही संपला. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या मोटारींवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, उपकरही गेला. आमच्या खरेदीला तो दिलासा मिळाला. आपल्यात व्याजाचे कर्ज टाळणारे पुष्कळ आहेत. रोख कमी असेल तर जुनी जरूर घ्यावी, पण जानेवारी 2022 नंतर बनलेली पाहावी. तेव्हापासून पुढच्या दोन्ही सीटांना एअरबॅग सक्तीची आहे आणि एबीएस तर 2019 पासूनच आहे. रंग, टेप, सीट कव्हर यांना नंतर विचारावे.

आम्ही छोटी मोटार घेतली. घरच्यांना ती अजून परकीच वाटते. सगळे एकदम मावत नाहीत ही तक्रार रोजची आहे. पुतण्याच ती चालवतो, नमुन्यांची पुस्तके डिकीत असतात, आणि गाठी भाड्याच्या टेम्पोने भिवंडीला जातात.