‘त्या’ तोलल्या की ‘ती’ तोलली? इंग्रजी सर्वनामं आणि माझा अडकलेला पेपर

या वेळी बोंडअळीवर लिहिणार होते, पण बोंडअळीपेक्षा जास्त त्रास दिला तो एका चार अक्षरी इंग्रजी शब्दाने. म्हणून आज सर्वनामं. कंटाळवाणा विषय वाटतोय ना? मलाही वाटायचा.

झालं असं की माझा पहिला पेपर परीक्षकांच्या शेऱ्यांसह परत आला. प्रयोग साधा होता. गुलाबी बोंडअळीच्या नुकत्याच अंड्यातून निघालेल्या अळ्या कपाशीच्या हिरव्या बोंडांवर सोडायच्या, काही दिवसांनी बोंडं फोडायची, मोजमाप घ्यायचं. मी इंग्रजीत जे लिहिलं होतं त्याचा अर्थ असा: अळ्या बोंडांवर सोडल्या आणि ठरलेल्या दिवसांनंतर ‘दे’ तोलल्या गेल्या. परीक्षकाने समासात दोनच शब्द लिहिले होते. काय तोललं?

मला आधी रागच आला. काय तोललं म्हणजे? बोंडं तोलली, आणखी काय! वाक्य मी चार वेळा वाचलं, आणि चारही वेळा मला ते स्वच्छ वाटलं. मग मॅडमनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शक, तोच कागद हातात घेऊन विचारलं, “अळ्या तोलल्यास का गं?” तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

मी वाक्य लिहीत होते इंग्रजीत, पण वाचत होते मराठीत. मराठीत अळी स्त्रीलिंगी, म्हणून अनेक अळ्या म्हणजे ‘त्या’. बोंड नपुंसकलिंगी, म्हणून अनेक बोंडं म्हणजे ‘ती’. ‘अळ्या बोंडांवर सोडल्या आणि नंतर त्या तोलल्या’ म्हटलं की अळ्या. ‘ती तोलली’ म्हटलं की बोंडं. एका अक्षराचा फरक, पण ऐकणाऱ्याला शंका उरत नाही. शिवाय क्रियापदही साक्ष देतं: तोलल्या, तोलली. इंग्रजीत दोघांनाही एकच ‘दे’. माझ्या डोक्यात त्या ‘दे’ला मराठीचं लिंग चिकटलेलं होतं, कागदावर मात्र नव्हतं. अळीचं वजन मिलिग्रॅममध्ये, बोंडाचं ग्रॅममध्ये. तक्ता दोन पानं पुढे होता. वाचणाऱ्याने काय समजायचं?

आपल्याला शाळेत शिकवतात की मराठीत मूळ सर्वनामं नऊ: मी, तू, तो, हा, जो, कोण, काय, आपण, स्वतः. स्पर्धा परीक्षावाल्यांना पुढचंही पाठ असतं, की यातली लिंगाप्रमाणे बदलणारी तीनच, तो, हा आणि जो. हे तिन्ही शब्द वस्तू कोणती आहे ते सांगत नाहीत, पण कोणत्या लिंगाच्या नामाकडे बोट आहे ते सांगतात. टेबल ते, खुर्ची ती, पंखा तो. यात तर्क काही नाही, सवय आहे. पण या बिनतर्काच्या सवयीचा फायदा असा की एका वाक्यात तीन वस्तू असल्या तरी सर्वनाम बऱ्याचदा बरोबर आपल्या वस्तूला जाऊन भिडतं.

इंग्रजीने ही सोय पूर्वीच सोडून दिली. जुन्या इंग्रजीत नामांना आपल्यासारखीच तीन लिंगं होती, ती मध्ययुगात झडली. आता माणूस पुरुष असेल तर ‘ही’, बाई असेल तर ‘शी’, आणि उरलेलं बहुतेक सगळं ‘इट’. (पाचवीत असताना आमच्या वर्गात यावरून किती हसणं व्हायचं! मराठीतली ‘ही’ बाई, इंग्रजीतला ‘ही’ बाप्या. आणि ‘शी’ म्हटलं की मागच्या बाकावरची पोरं नाक धरायची.)

आता माझ्या किड्याकडेच बघा. अंडं ते. त्यातून निघाली ती अळी. तिचा झाला तो कोष. कोषातून आला तो पतंग. एकच जीव, साधारण महिन्याभरात मराठीत तीनही लिंगं फिरून येतो. इंग्रजीत तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत ‘इट’. माझ्या पहिल्या मसुद्यात अळी बोंडात शिरताना ‘शी’ झाली होती आणि पतंग उडताना ‘ही’. मॅडमनी लाल पेनाने गोल केला आणि बाजूला लिहिलं, लग्न लावायचंय का? कामगंध सापळ्यात अडकणारे पतंग नर असतात, हे खरं. पण शास्त्रीय लिखाणात तिथेही ‘नर पतंग’ असं नाम लिहायचं आणि पुढे ‘इट’च वापरायचं, अशी साधारण रीत आहे.

मराठी काही जादू नाही, हेही सांगते. ‘अळ्या बोंडांवर सोडल्या आणि नंतर त्यांचं वजन केलं’ असं लिहिलं की मराठीतही तोच घोळ. ‘त्यांचं’ झालं की लिंग गेलं. म्हणजे विभक्ती लागली की आपणही इंग्रजीच्याच पंगतीत.

पण मालकी सांगताना मराठी माणसाला एक छुपा फायदा आहे. हिंदीत ‘उसकी बहन’ म्हटलं तर बहीण कोणाची, त्याची की तिची, ते कळत नाही. शब्दाचा शेवट फक्त बहिणीचं लिंग सांगतो. त्यामुळे हिंदी बोलणाऱ्याकडून इंग्रजीत ‘हिज’च्या जागी ‘हर’ सहज पडतं. मराठीत ‘त्याची बहीण’, ‘तिचा भाऊ’. शब्दाचं धड मालकाचं, शेपूट वस्तूचं. इंग्रजीत शेपूट कापायचं आणि धड ठेवायचं, झालं काम. आपल्याकडच्या मुलांना हे असं समजावलं की पटकन बसतं. मी करून पाहिलंय.

आता ‘वी’. याने मला सर्वात जास्त छळलं. मराठीत ‘आम्ही’ म्हणजे समोरचा सोडून, ‘आपण’ म्हणजे समोरच्याला धरून. ‘आम्ही जेवायला चाललो’ आणि ‘आपण जेवायला चाललो’ यात पाहुण्याच्या पोटाचा प्रश्न आहे! इंग्रजीत दोन्हीला ‘वी’. शोधनिबंधात तर एकाच पानावर दोन्ही येतात. ‘वी’ नमुने गोळा केले, तिथे आम्ही. ‘वी’ आकृती दोनमध्ये पाहतो, तिथे आपण, म्हणजे वाचकही आला. गावात शेतकऱ्यांच्या बैठकीत हाच निष्कर्ष सांगायला उभी राहिले आणि भाषांतर करत ‘आम्ही फरदड घेऊ नये’ म्हणून बसले. मागून एक काका म्हणाले, “तुम्ही कायले घेता, वावर आमचं आहे.” बरोबर होतं त्यांचं. तिथे ‘आपण’ हवं होतं. फरदड म्हणजे हंगाम संपल्यावरही पाणी देऊन ठेवलेली कपाशी, जिच्यावर गुलाबी अळीला जगायला आयतं घर मिळतं. २०१७ साली आपल्या विदर्भात या अळीने काय केलं ते इथे कोणाला सांगायला नको.

आणि प्रबंध एकटीनेच लिहिला असेल तर ‘वी’ चालतं का? यावरून अमेरिकेत एक गंमत झालेली आहे. मिशिगन स्टेट विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ जॅक हेदरिंग्टन यांनी १९७५ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ या नियतकालिकासाठी एक पेपर लिहिला. लेखक एकटे, पण पानभर ‘वी’. सहकारी म्हणाला, एका लेखकाचा पेपर असा स्वीकारणार नाहीत. तेव्हा टाइपरायटर. सगळं पुन्हा टंकायचा कंटाळा. मग त्यांनी आपल्या सयामी मांजराला सहलेखक केलं! मांजराचं नाव चेस्टर, पेपरवर छापलं एफ. डी. सी. विलर्ड. पेपर छापूनही आला. आमच्याकडे मांजर नाही, म्हणून मी ‘आय’ लिहिते. आधी फार उद्धट वाटायचं, आता वाटत नाही.

आदराचा प्रश्न वेगळाच. ‘माझे वडील शेतकरी आहेत. ते पहाटे उठतात.’ याचं इंग्रजी करताना मुलं बिनदिक्कत ‘दे’ लिहितात, कारण ‘वडील’ अनेकवचनी, ‘ते’ अनेकवचनी. चूक म्हणून लाल रेघ मारायच्या आधी हे समजून घ्यायला हवं की पोराने व्याकरण चुकवलेलं नाही, संस्कार पाळलेत. इंग्रजीत आदर सर्वनामात बसत नाही. वडील असो, राष्ट्रपती असो, ‘ही’. तू, तुम्ही आणि आपण या तिघांनाही एकच ‘यू’. पूर्वी त्यांच्याकडेही एकट्यासाठी ‘दाऊ’ होतं, अनेकांसाठी आणि आदरासाठी ‘यू’चं घराणं. सतराव्या शतकापर्यंत रोजच्या बोलण्यातून ‘दाऊ’ जवळपास गेलं आणि सगळेच अहोजाहो झाले.

जे ‘यू’चं झालं तेच आता ‘दे’चं होतंय, असं म्हणता येईल. माणूस बाई की पुरुष हे माहीत नसेल, किंवा ती व्यक्ती स्वतःसाठी तेच सर्वनाम वापरत असेल, तर एकट्या माणसालाही ‘दे’ म्हणतात. हे काल-परवाचं फॅड नाही, चौदाव्या शतकापासूनचे दाखले आहेत. शोधलेखनाचे नियम ठरवणाऱ्या अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०१९ च्या सातव्या आवृत्तीत त्याला उघड मान्यता दिली. माझ्या कामात याचा थेट उपयोग झाला. प्रश्नावलीच्या वर्णनात मी लिहिलं होतं, प्रत्येक शेतकऱ्याला ‘हिज’ शेताबद्दल विचारलं. मग यादी उघडून पाहिली. त्यात बायका होत्या, काही एकट्याने शेत सांभाळणाऱ्या. एका ‘हिज’ने त्या सगळ्या गायब! तिथे ‘देअर’ केलं. मराठी वाचकाला हे ‘दे’ सोपं जायला हवं, कारण एकट्या माणसाला ‘ते’ म्हणायची आपल्याला जन्मापासून सवय आहे.

झरी जामणी तालुक्यात नमुने घ्यायला जाते, तिथल्या एका कोलाम पोडावर संध्याकाळी दोन-तीन मुली वह्या घेऊन येतात. एकीने निबंधात आईसाठी सगळीकडे ‘इट’ लिहिलं होतं. शाळेत त्यावरून सगळा वर्ग हसला म्हणे. आईला वस्तू म्हणते, म्हणून. मी तिला विचारलं, घरी कसं म्हणता? तिने आईकडे बोट केलं आणि बांधलेल्या गाईकडे बोट केलं, दोन्हीला एकच शब्द: अद.

कोलामी ही द्रविड कुळातली भाषा. एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने वर्ध्याकडच्या कोलामीवर लिहिलेलं व्याकरण १९५५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने छापलं. या भाषेत सर्वनामांची विभागणी अशी: पुरुषासाठी एक, आणि बाई, जनावर, वस्तू या सगळ्यांसाठी दुसरं. गोंडीतही पुरुष वेगळा आणि बाकी सगळं वेगळं, अशीच रचना आहे. म्हणजे या पोरीच्या डोक्यात तीन हिशेब एका वेळी चालू असतात. घरी दोन खण, पुरुष आणि बाकी. शाळेत मराठीचे तीन खण, जिथे दगड पुरुष आणि नदी बाई. आणि इंग्रजीचे पुन्हा तीन, पण वेगळे भरलेले. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे सहा वर्षांच्या वयात हे तिन्ही एकदम. तिने आईला वस्तू म्हटलं नव्हतं. आपल्या भाषेतला बरोबर खण उघडला होता, फक्त कपाट दुसऱ्याचं होतं.

मी तिला वहीत कोलामी, मराठी, इंग्रजी असे तीन रकाने करून दिले आणि आई, बाबा, गाय, विहीर, शिक्षक असे शब्द भरायला सांगितले. तिने दहा मिनिटांत भरले. ‘शिक्षक’पाशी थांबली. “मराठीत ‘ते’, आणि इंग्रजीत ‘ही’? सरांना एकेरी?” मी हो म्हटलं. तिला पटलं नाही, पण लिहिलं.

माझ्या पेपरचं म्हणाल तर मी एक उपाय केला. मसुद्यातल्या प्रत्येक ‘इट’, ‘दे’ आणि ‘दिस’च्या जागी तात्पुरता एकच शब्द टाकला, ‘ते’, आणि प्रयोगाशी काही संबंध नसलेल्या माझ्या रूममेटला वाचायला दिलं. ती मराठी साहित्याची. जिथे ती अडखळली तिथे सर्वनाम काढून नाम परत लिहिलं. चौदा पानांत ती एकोणीस ठिकाणी अडखळली. सर्वात जास्त वेळा ‘दिस’पाशी, म्हणजे ‘यावरून दिसते की’ छापाच्या वाक्यात. ‘यावरून’ म्हणजे कशावरून? तक्त्यावरून, आलेखावरून, की मागच्या परिच्छेदावरून? काही ठिकाणी मलाही सांगता आलं नाही. तिथे वाक्यच काढून टाकलं.

सुधारलेल्या वाक्यात आता ‘बोंडं’ हा शब्द दोनदा येतो. कानाला जरा जड वाटतं. परवा पेपर पुन्हा पाठवला.