जुन्या बाजारात नाणं घेताना

पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. सकाळी लवकर गेलेलं बरं. उन्हं चढली की पथारीवर उरलंसुरलंच मिळतं.

सर्वाधिक मागणी शिवराईला, म्हणून बनवाबनवीही तिथेच जास्त. खरी शिवराई तांब्याची. एका बाजूला ‘श्री राजा शिव’ तीन ओळींत, दुसरीकडे ‘छत्र पति’ दोन ओळींत. नाणं ठशावर घाव घालून पाडलं जाई आणि ठसा बहुधा चकतीहून मोठा असे, त्यामुळे एखादं अक्षर कडेला तुटलेलंच दिसतं. सगळी अक्षरं ठसठशीत, मध्यभागी नीट बसलेली दिसली तर सावध व्हा. भिंगातून कड पाहा: साच्यात ओतलेल्या नकलेला तिथे बारीक सांधा असतो, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी छिद्रं असतात. हिरवटपणा तर रसायनानेही आणता येतो.

कंपनी सरकारचं, 1818 सालचं ‘रामदरबार’ नाणं कुणी दाखवलं, तर हसून पुढे चला. ईस्ट इंडिया कंपनीने असं नाणं कधी पाडलंच नाही. ती देवळातली टोकनं असतात.

कायद्याचंही बघा. 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांवरची नाणी, मूर्ती, चित्रं ‘पुरावशेष’ ठरतात. महत्त्वाच्या हस्तलिखितांना 75 वर्षं पुरतात. अशा वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. अमेरिकेतल्या भाच्याला भेट द्यायची असेल, तर पितळी अडकित्ता नवाच घ्या.