पाळण्यातले पाय आणि कॅचरचे गुडघे

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलचे संघ दरवर्षी या म्हणीवर कोट्यवधी डॉलर लावतात. शाळा-महाविद्यालयांतील होतकरू खेळाडूंची संघांनी पाळीपाळीने निवड करण्याची ‘ड्राफ्ट’ नामक पद्धत तेथे १९६५ पासून रूढ आहे. या निवडीत ज्याचे भवितव्य वर्तवणे अत्यंत अवघड, असा खेळाडू म्हणजे कॅचर.

क्रिकेटमधील यष्टिरक्षकाशी त्याची तुलना सहज सुचते. परंतु ती अपुरी आहे. कॅचर फलंदाजामागे उकिडवा बसून चेंडू झेलतो, कोणता चेंडू टाकावा हे पिचरला खुणेने सुचवतो, पुढच्या तळाकडे धावणाऱ्याला अचूक फेकीने बाद करतो आणि शिवाय फलंदाजीही करतो. यांतील निम्मी विद्या अनुभवानेच येते. अठराव्या वर्षी ती दिसणार कशी? त्यातच गुडघे झिजतात, डोक्याला मार बसतो. २००१ मध्ये सर्वप्रथम निवडला गेलेला जो मावर फलंदाजीच्या सरासरीत तीनदा अव्वल ठरला. पण २०१३ मधील मेंदूच्या दुखापतीनंतर त्याला कॅचरची जागा सोडावी लागली. म्हणजे भाकीत खरे ठरले, तरी ते पुरते खरे ठरले नाही.

मोजपट्टीही स्थिर नाही. सीमारेषेवरचा चेंडू पंचाला योग्य वाटावा अशा खुबीने झेलण्याची कॅचरची कला २००८ च्या सुमारास चेंडूचा मार्ग टिपणारी यंत्रे आल्यावर नेमकी मोजता येऊ लागली आणि तिचा भाव वधारला. आता २०२६ च्या हंगामापासून पंचाच्या अशा निर्णयाविरुद्ध यंत्राकडे दाद मागण्याची मुभा देण्याचे ठरले. ज्या गुणासाठी मुलगा निवडावा, त्याचीच किंमत तो तयार होईपर्यंत बदलते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे दोन प्रकारच्या चुका दिसतात. पहिली, अपात्राला निवडण्याची. १९६६ मध्ये न्यूयॉर्क मेट्स संघाने देशभरातून सर्वप्रथम स्टीव्ह चिलकॉट या कॅचरला निवडले. खांद्याच्या दुखापतीने त्याची वाट अडवली आणि तो ‘मेजर लीग’चा एकही सामना खेळला नाही. त्याच्या पाठोपाठ निवडलेल्या रेजी जॅक्सनने मात्र ५६३ होम रन काढले. ही चूक आजही सांगितली जाते.

दुसरी चूक पात्राला वगळण्याची. ती कोणालाच दिसत नाही. कारण वगळलेला मुलगा पुढे काय झाला असता, याची नोंद ठेवणारे दप्तर नसते. १९८८ मध्ये माइक पियाझा ६२ व्या फेरीत, १,३९० व्या क्रमांकावर निवडला गेला, तोही गुणांकडे पाहून नव्हे. लॉस एंजेलिस डॉजर्सचे व्यवस्थापक टॉमी लसोर्डा हे त्याच्या वडिलांचे स्नेही. त्यांच्या शब्दाखातर संघाने नाव घेतले. आपण ज्याला वशिला म्हणतो, तो हाच. मूळचा फर्स्ट बेसवर खेळणारा हा तरुण संघात आल्यावर कॅचर झाला. त्याने ४२७ होम रन काढले, त्यांपैकी ३९६ कॅचर म्हणून. हा कॅचरांमधील विक्रम आहे. २०१६ मध्ये तो ‘हॉल ऑफ फेम’मध्ये गेला. तज्ज्ञांची चूक वशिल्याने दुरुस्त झाली! मग प्रश्न असा की, ज्यांना असे स्नेही नव्हते त्यांचे काय झाले?

संघांची बाजूही ऐकली पाहिजे. आधी निवडलेले खेळाडू सरासरीने नंतरच्यांपेक्षा सरस ठरतात, हे खरे; आणि प्रत्येकाला संधी देणे कोणत्याही संघाला परवडणारे नाही. परंतु सरासरी ही समूहाविषयी बोलते, व्यक्तीविषयी नव्हे. विमा कंपनीला हजारांत किती मृत्यू होतील ते कळते; कोणाचे, ते कळत नाही. शिवाय ज्याच्यावर पैसा लावला त्याला चुकण्याची मुभा अधिक मिळते. त्यामुळे भाकीत काही अंशी स्वतःलाच खरे करते.

अशा अनिश्चिततेत शहाणपणाचा मार्ग म्हणजे स्वस्तातल्या संधी भरपूर ठेवणे. प्रत्यक्षात उलट घडले. २०१२ मध्ये ड्राफ्ट ४० फेऱ्यांवर आला, २०२१ पासून तो २० फेऱ्यांचा झाला आणि त्याच वर्षी मेजर लीगशी संलग्न कनिष्ठ संघ १६० वरून १२० झाले. ड्राफ्टबाहेरच्या मुलाला करार करता येतो, हे मान्य. पण पियाझा ज्या फेरीतून आला, ती फेरीच आता नाही. खर्चात बचत झाली, ती हिशेबात दिसते. गमावलेले कॅचर कोणत्याही हिशेबात दिसणार नाहीत.

परीक्षक कितीही निष्णात असो, अठराव्या वर्षीचा निकाल अंतिम मानण्याचा अधिकार त्याला पोहोचत नाही. निवड अपरिहार्य आहे. परंतु जी निवड आपल्या चुका दुरुस्त करण्याची वाट स्वतःच बंद करते, तिला काटकसर म्हणणे कठीण आहे.